अंबूबाईचे शब्द

अंबूबाईला मी पहिल्यांदा पाहिलं ते १९६४ सालच्या जूनमध्ये, आणि पाहिल्या पाहिल्या माझं मत झालं की बाईच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे. शाळेतला नवा मास्तर म्हणून मी तिच्या ओसरीलगतची खोली राहायला मागायला गेलो होतो. जानेफळापासून दोन कोसांवरचं गाव. नाव सांगत नाही, कारण त्यातली बरीच माणसं अजून हयात आहेत आणि मला त्यांच्याशी नव्याने भांडण उकरून काढायचं नाही. खोलीची खिडकी कुठल्या बाजूला आहे, असं मी विचारलं.

“तपोण्याकडं,” बाई म्हणाली.

“कोणाकडं?”

“तपोण्याकडं. सकाळी सकाळी तोंडावरच येते तो. तुमाले चालत नसंन तं गोणपाट लावून देईन.”

मागे तिचा मुलगा निवृत्ती बैलाच्या गळ्यातला पट्टा शिवत बसला होता. तेव्हा तो सोळा वर्षांचा. तो खो खो हसला आणि म्हणाला, “मास्तर, सूर्याकडं म्हणून राह्यली माय. तिले माह्या आज्याचं नाव घेता येत नाही.”

आमच्याकडची रीत वाचकांना ठाऊक असेलच. बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सासऱ्याचं नाही, चुलत सासऱ्यांचं नाही, आणि नवऱ्याच्या थोरल्या भावाचं, म्हणजे भासऱ्याचं, तर नाहीच नाही. नुसतं नावच नव्हे, नावासारखा ऐकू येणारा शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नाही. बहुतेक बायांचं यात फारसं अडत नाही. अंबूबाईचं अडलं, कारण तिच्या सासरच्यांनी नावंच तशी ठेवली होती. सासरे सूर्यभान. चुलत सासरे दोन, चंद्रभान आणि दगडू. भासरा कडूबा. अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या घरात आलेल्या पोरीला सूर्य म्हणता येईना, चंद्र म्हणता येईना, दगड म्हणता येईना, आणि कारल्याची भाजी कशी झाली आहे तेही सांगता येईना.

दुसरी एखादी सूर्याला ‘दिस’ म्हणून मोकळी झाली असती. अंबूबाईनं तसं केलं नाही. त्या घरात तिच्या वयाचं कोणी नव्हतं, खेळायला मिळत नव्हतं, आणि सासू हात उगारायला मोकळीच असे. मग ही पोर शब्द करत बसली. तपतो तो तपोणा. रात्री अंगणात टाकलेली वाकळ गिली करतो, म्हणजे ओली करतो, तो चंद्र गिलोणा. पहिल्याच आठवड्यात पाट्याचा वरवंटा पायावर पडून टण्ण झालं, म्हणून दगड म्हणजे टणोरं. आणि पाडव्याला कडुनिंबाचा पाला खाताना तिनं थू थू केलं, सासूनं डोळे वटारून “काय झालं वं?” विचारलं, तेव्हा घाबरून जे तोंडातून निघालं ते “थुथरं लागते.” तेव्हापासून कडू म्हणजे थुथरं, आणि भासऱ्याला ती मागल्या मागे ‘थुथरबा’ म्हणू लागली. हे सगळं तिनं मला तूर पाखडता पाखडता सांगितलं, प्रत्येक शब्दाचा जन्म कुठे झाला, कोण समोर होतं, कोणाच्या थोबाडीत बसली, सगळ्यासकट. मी मोठमोठ्या विद्वानांची शब्दांच्या व्युत्पत्तीवरची व्याख्यानं ऐकली आहेत. त्यांतल्या एकालाही इतकी खात्री नव्हती.

सासरे गेले, चुलत सासरे गेले, नवरा पुंजाजी तापाने गेला. शब्द मात्र राहिले. मी राहायला गेलो तेव्हा घरात मायलेक दोघंच होती आणि बोळीच्या पलीकडे, समोरासमोर, कडूबाचं घर होतं. निवृत्ती आईच्या भाषेत तिची टिंगल करायचा. “माय, आज वरण थुथरं झालं व.” मग ती लाटणं फेकून मारायची, आणि ते नेमकं चुकायचं.

आता माझ्याविषयी थोडं सांगणं भाग आहे, कारण या गोष्टीतली घाण मीच केली आहे. मी देऊळगाव राजाचा. विज्ञान शिकायला पुण्यात गेलो. वसतिगृहाच्या पहिल्या जेवणाला वाढप्याला म्हणालो, “मले भात नको,” आणि अख्खी पंगत हसली. नुसती हसली नाही, पुढे तीन वर्षं मला ‘मले’ म्हणूनच हाक मारली गेली. त्या दिवसापासून मी माझी बोली अशी गिळली की सुट्टीत घरी गेलो तरी आईशी छापील मराठी बोलायचो. आई बिचारी पाहुण्याशी बोलावं तशी माझ्याशी बोलायला लागली.

गावात सातवी-आठवीला विज्ञान शिकवत मी विज्ञानकथा लिहायचो आणि पुण्याच्या एका मासिकाला पाठवायचो. दोन साभार परत आल्या. तिसरीबरोबर संपादकांचं पत्र आलं. लिहिलं होतं की तुमच्या परग्रहावरची माणसं आपल्याच गल्लीतल्या माणसांसारखी बोलतात. ज्यांच्या आकाशात वेगळे सूर्य आहेत, त्यांचे शब्द वेगळ्या मुळांपासून उगवले पाहिजेत. भाषा घडवा, तिची मुळं दाखवा, मग पाठवा. मी आठवडाभर कागदावर ‘झ्रूक’ आणि ‘क्वाल्म’ असले शब्द लिहीत बसलो. वाचले की माझं मलाच हसू यायचं. तेवढ्यात ओसरीवरून अंबूबाई निवृत्तीला ओरडली, “तपोणा माथ्यावर आला बे, अजून औत सुटलं नाही का?”

झालं. पंधरा दिवसांत मी कथा लिहून काढली. दोन सूर्यांचा ग्रह, त्यातला तापदायक तो तपोणा, थंड तो गिलोणा. तिथले लोक टणोऱ्याची घरं बांधतात. त्यांचा जुलमी राजा थुथरबा. शेवटी शब्दांची यादी जोडली आणि प्रत्येकाची व्युत्पत्ती दिली. ‘थु’ म्हणजे श्वास, ‘थर’ म्हणजे शेवट, सबब थुथर म्हणजे विषारी वायू. धडधडीत थापा. आणि सर्वांत वर एक टीप लिहिली, जी मला आजही पाठ आहे: “या कथेतील भाषा लेखकाने स्वतः निर्माण केलेली असून पृथ्वीवरील कोणत्याही भाषेशी, बोलीशी वा व्यक्तीशी तिचा काहीही संबंध नाही.” ही टीप कोणी मागितली नव्हती. हे एका खेड्यातल्या बाईचं वऱ्हाडी बोलणं आहे असं कळलं, तर पुन्हा ती पंगत हसेल, या भीतीनं मी ती लिहिली.

१९६७च्या दिवाळी अंकात कथा आली. लोकांनी डोक्यावर घेतली. कल्पक भाषानिर्मितीबद्दल मासिकाने बक्षीस जाहीर केलं. मी आठ प्रती मागवल्या आणि गावभर वाटल्या. शाळेला एक, सरपंच महादेवरावांना एक, प्रत्येकीवर झोकात सही करून. अंबूबाईला मी कथा वाचून दाखवली. ती तोंडाला पदर लावून हसत होती. राजाचं नाव थुथरबा आहे हे कळल्यावर तर तिला ठसका लागला.

“मंग त्याइले सांगतलं ना तुमी, तिकडं पुन्याले?” तिनं विचारलं. “का हे आमच्या घरचं बोलनं हाय?”

“सांगितलं,” मी म्हणालो.

कडूबाचं आणि या घराचं वाकडं जुनंच होतं. पुंजाजी गेल्यावर वाटणी झाली, आणि दोन शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, दरवर्षी वीतभर अंबूबाईच्या बाजूला सरकू लागला. निवृत्ती मिसरूड फुटेपर्यंत गप्प होता. नंतर तो मोजायला लागला. कडूबाचं माझ्याशीही वाजलं होतं. विधवेच्या घरात परका पुरुष काऊन ठेवला, असं त्यानं चावडीवर विचारलं, आणि मीही चार लोकांसमोर त्याला नाही नाही ते बोललो. मला राग आवरत नाही. तेव्हाही आवरत नव्हता.

१९६८च्या मे महिन्यात, एका रविवारी भर दुपारी, शेतातून बोंब ऐकू आली. मी धावत गेलो. धुऱ्यावर निवृत्ती पडला होता आणि अंबूबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या लुगड्याचा रंग ओळखू येत नव्हता. भाकर घेऊन ती शेतात पोचली तेव्हा दोघांची झोंबाझोंबी चालली होती, आणि तिच्या डोळ्यांसमोर कडूबानं धुऱ्यावरचा दगड उचलून पोराच्या डोक्यात घातला होता. शेतात दुसरं कोणी नव्हतं. आम्ही त्याला बैलगाडीत घातलं. अर्ध्या वाटेत तो गेला. तिला ते कळलं होतं, तरी ती गाडीवानाला बैल हाण म्हणत राहिली.

गाडी तशीच पोलिसांकडे नेली. जमादार साताऱ्याकडचा होता, माणूस वाईट नव्हता. त्यानं तिला पाणी दिलं आणि काय झालं ते विचारलं. ती म्हणाली, “तपोणा माथ्यावर होता. थुथरबानं टणोरं उचललं अन् माह्या लेकराच्या डोक्यात घातलं.”

जमादारानं लेखणी थांबवली. “मास्तर, ही कुठली भाषा म्हणायची?”

मी तिला म्हणालो, बाई, आजच्या दिवस नाव घ्या. तिनं नाही म्हणून मान हलवली. पोटचा पोर बाहेर गाडीत मरून पडला आहे, आणि ज्यानं मारला त्याचं नाव घ्यायला तिची जीभ उचलत नव्हती. मग मीच सांगितलं. तपोणा म्हणजे सूर्य, टणोरं म्हणजे दगड, थुथरबा म्हणजे कडूबा सूर्यभान. जमादारानं तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, खाली माझा अर्थ लिहिला, आणि ‘सोबत आलेल्या मास्तरांनी सांगितल्यावरून’ असा शेरा मारला. तिनं अंगठा दिला. आरोपीचं नाव त्या कागदावर माझ्या तोंडून आलं होतं, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

खटला पुढच्या वर्षी, चैत्रात उभा राहिला. कडूबाचं म्हणणं असं की त्या दिवशी तो देऊळगाव राजाला बालाजीच्या दर्शनाला गेला होता. तसं सांगणारे दोन साक्षीदार त्यानं आणले. इकडून साक्षीदार एकटी अंबूबाई, आणि तिचं बोलणं समजावून सांगणारा मी. बाकी गावात काय, तिचे शब्द बऱ्याच बायांना माहीत होते. कडूबाची बायको केसरबाई तर तीस वर्षं ते ऐकत आली होती. त्यांतली एकही कोर्टाची पायरी चढली नाही. त्यांना आपापल्या घरात राहायचं होतं, आणि त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार मला मुळीच नाही.

पहिल्या दिवशी अंबूबाईची साक्ष झाली. कोणी मारलं असं विचारल्यावर तिनं डोईवरचा पदर पुढे ओढला आणि बोट दाखवलं. कडूबा समोर उभा होता म्हणून ती पाठमोरी होऊन बोट दाखवत होती. लोक हसले.

दुसऱ्या दिवशी माझी पाळी. आरोपीचे वकील उठले, आणि त्यांनी पिशवीतून तो दिवाळी अंक काढला. महादेवरावांना दिलेली प्रत. वर माझी सही.

“हे आपलं लिखाण?”

“हो.”

“यातल्या राजाचं नाव काय?”

“थुथरबा.”

“सूर्याचं? दगडाचं?”

मी सांगितलं. न्यायाधीश फिर्यादीचा कागद चाळत होते. वकिलांनी टीप मोठ्यानं वाचली, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. मग चष्मा काढला.

“मास्तर, हे खरं की खोटं?”

मी काय करायला हवं होतं ते शेंबड्या पोरालाही कळेल. खोटं आहे, म्हणायचं. मी चोरी केली, हे शब्द या बाईचे आहेत, ती अकरा वर्षांची असल्यापासून बोलते आहे, आणि तिनं ते मला तूर पाखडताना सांगितले, एवढंच म्हणायचं. पण समोर आमचे हेडमास्तर बसले होते. खिशात संपादकांचं पत्र होतं, पुढल्या महिन्यात पुण्यात तो लांबत गेलेला बक्षीस समारंभ, चार शब्द बोलायला तयार राहा. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला अंबूबाई दिसलीच नाही. मला ती पंगत दिसली.

“शब्द मी घडवले आहेत,” मी म्हणालो. “बाईंच्या बोलण्यावरून काही सुचलं असेल.”

“सुचलं असेल. बरं. आधी कुठे आले हे शब्द? तुमच्या कथेत की फिर्यादीत?”

“छापून आधी कथेत आले.”

“कथा तुम्ही फिर्यादीला वाचून दाखवली होती?”

“हो.”

“फिर्यादीच्या घरात आपण जवळजवळ पाच वर्षं राहता. आणि आरोपीशी आपलं चावडीवर भांडण झालेलं आहे.”

“हो.”

“धन्यवाद,” ते म्हणाले आणि खाली बसले. शब्द मी घडवले, हे एक सोडलं तर माझं एकही उत्तर खोटं नव्हतं. सरकारी वकिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि कागद आवरायला घेतले.

न्यायाधीशांनी अंबूबाईला पुन्हा बोलावलं. वयस्क गृहस्थ होते, आवाज मऊ होता. म्हणाले, “बाई, बोट नको, दुसरा शब्दही नको. ज्यानं मारलं त्याचं नाव सांगा. इथं नाव घेतल्यानं काही पाप लागत नाही.”

मग तिनं डोईवरचा पदर खाली घेतला. मी पाच वर्षांत तिचं उघडं डोकं कधी पाहिलं नव्हतं. केस पांढरे झाले होते. ती कडूबाकडे वळली, त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि म्हणाली, “कडूबा. कडूबा सूर्यभान. सूर्य माथ्यावर होता. यानं दगड उचलला अन् माह्या निवृत्तीच्या डोक्यात घातला.”

कडूबानं मान खाली घातली. भर कोर्टात, बापाच्या वयाच्या माणसासारखा मान राखलेल्या त्या भासऱ्याला तिनं एकेरी नाव घेऊन उभं केलं होतं. मला वाटलं, जिंकली बाई. मी देवाचे आभारही मानले, कारण माझं पाप ती एकटीच फेडते आहे असं मला वाटलं.

वकील पुन्हा उठले. त्यांनी एकच प्रश्न विचारला. “बाई, आज आपल्याला नाव घेता आलं. काही अडलं नाही. मग पोटचा मुलगा मरून पडला होता, त्या दिवशी पोलिसांपुढे का नाही घेता आलं?”

“त्या दिवशी,” अंबूबाई म्हणाली, “मले वाटे का अजून घर हाये.”

न्यायाधीशांना ते समजलं असावं, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. पण समजणं वेगळं आणि लिहून घेणं वेगळं. बाईला जर नाव घेता येत होतं, तर ती भाषा कोणीतरी पढवली होती, आणि पढवणारा कोण ते अंकावर सहीनिशी छापलेलं होतं.

निकाल जुलैत लागला. मधल्या काळात मी पुण्याला गेलो, हार घालून घेतला आणि चार शब्द बोललो. नाही गेलो असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. निकालाच्या आठवड्यातच माणूस चंद्रावर उतरला होता. गावात महादेवरावांच्या रेडिओभोवती गर्दी होती आणि हेडमास्तरांनी मला त्यावर भाषण करायला सांगितलं होतं. कडूबा संशयाचा फायदा मिळून सुटला आणि संध्याकाळच्या बसने गावात आला. लोकांनी त्याला सोबत म्हणून घरापर्यंत पोचवलं. अंबूबाई त्याच बसमध्ये पुढे बसली होती, पदर खांद्यावर. त्याला जागा द्यायला ती उठली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अंगणात सडा टाकला, बादली ठेवली, बोळीच्या मध्यावर गेली आणि कडूबाच्या दाराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली, “कडूबा सूर्यभान, माह्या निवृत्तीले तू मारलं.” एकदाच. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. घरात येऊन चूल पेटवली आणि मला चहा आणून दिला.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी पुन्हा. आठव्या दिवशी कडूबा काठी घेऊन बाहेर आला. ती जागची हलली नाही. महादेवराव मध्ये पडले, तिला समजावलं, देवाचं नाव घे म्हणाले. ती म्हणाली, “ज्याचं घ्याचं त्याचंच घेऊन राह्यली मी.” आधी बाया डोळे पुसायच्या. मग पोरं तिची नक्कल करायला लागली. मग कोणी लक्ष देईनासं झालं. शेजारचे लोक तिच्या आवाजावर घड्याळ लावल्यासारखे म्हशी सोडायचे. तिचे जुने शब्द मात्र मी त्यानंतर कधी ऐकले नाहीत. ती सूर्याला सूर्य म्हणायची, दगडाला दगड, आणि कारलं कडू झालं तर कडू म्हणायची, चारचौघींसारखं. जणू तिला दुसरं काही कधी येतच नव्हतं.

कडूबा कुठे गेला नाही, पण सहा महिन्यांत त्यानं बोळीकडचं दार विटांनी बुजवून टाकलं आणि मागच्या बाजूला नवं पाडून घेतलं. अंबूबाई बुजवलेल्या दारासमोर उभी राहून सांगायची. केसरबाई आतून ऐकत असणार.

आणि मी खोलीत पडून ऐकायचो. रोज सकाळी तिचं वाक्य संपलं की मी थांबायचो, की आता ती माझ्या खिडकीकडे वळेल. ती कधीच वळली नाही. तिनं मला खोली सोड म्हटलं नाही, टोमणा मारला नाही, चहा बंद केला नाही. शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं झालं असतं. पुण्याहून संपादकांची पत्रं येत होती, त्याच भाषेत पुढची कथा पाठवा, वाचक मागताहेत. मी उत्तर दिलं नाही.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. निघायच्या दिवशी ट्रंक ओसरीवर ठेवून मी तिच्यासमोर बसलो. ती हिरव्या मिरच्यांचे देठ खुडत होती. इतक्या वर्षांत बोललो नव्हतो ते बोललो. म्हणालो, “बाई, मी कोर्टात दगा दिला. शब्द तुमचे होते, मी माझे म्हणालो. पुण्यालाही मी कधी सांगितलं नव्हतं, तुमच्याशी खोटं बोललो होतो. निवृत्तीच्या बाबतीत माझाही वाटा आहे. रोज सकाळी तुम्ही एकच नाव घेता. माझंही घ्या.”

तिनं हातातली मिरची टोपलीत टाकली.

“तुमचं काऊन घेऊ?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तिला खरंच नवल वाटलं होतं. “तो माह्या घरचा हाये. माह्या मालकाचा सख्खा भाऊ. त्याचं नाव चाळीस वर्सं तोंडात दाबून ठेवलं, तवा आता रोज बाहेर काढते. तुमी आमचे कोन लागता, मास्तर?”

तिनं पुढची मिरची उचलली. जानेफळची बस यायची वेळ झाली होती, म्हणून मी ट्रंक घेतली आणि निघालो.